वरचा खण

गोदामातली हमाली आटोपून तो घरी आला तेव्हा पाठीचं लाकूड झालं होतं. दोघी मुली न्हाणीघरात बादलीपाशी बसलेल्या.

"बाबा, घनता म्हणजे काय? उद्या वर्गात आपल्या शब्दांत सांगायचंय," थोरली म्हणाली.

"आईला विचार" असं म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. आई जाऊन आठ महिने झाले होते, पण जिभेला अजून कळलं नव्हतं.

"जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. झालं."

धाकटीने बादलीत डोक्यातली पिन टाकली. बुडाली. भाजी चिरायची फळी टाकली. तरंगली.

"पिन जड का फळी? बाबा, तू थापा मारतोस."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "अगं, गोदामात एकाच मापाची दोन खोकी असतात. एकात कापूस, एकात खिळे. खिळ्यांचं उचलताना कंबरडं मोडतं."

"दाखव."

"घरात कुठून आणू खोकी?"

"कपाटाचे खण आहेत की. दोन्ही सारखेच."

वरचा खण मुलींच्या आईचा. आठ महिने त्याने त्याला हात लावला नव्हता, मुलींनाही लावू दिला नव्हता. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण थोरलीच्या वहीचं पान कोरं होतं. तो उठला.

खालचा, त्याचा खण धाकटीने एकटीने उचलला. आत सहा शर्ट बोळे करून कोंबलेले. वरचा दोघींनाही हलेना. त्यानेच उतरवला.

"एवढं कसं बसवलं आईने?"

"गुंडाळ्या करून. हवेलासुद्धा जागा ठेवायची नाही ती."

तो नको म्हणेपर्यंत मुली मोजायलाही लागल्या. एकतीस कपडे. तळाला त्याचाच करडा स्वेटर.

"हा मी दोन वर्षं शोधतोय! कुणाला तरी देऊन टाकलास म्हणून भांडलो होतो तिच्याशी."

"म्हणजे जागा तेवढीच, पण आत दाटी जास्त," थोरली म्हणाली. "पिनेतपण दाटी जास्त. फळीत कमी."

"हं. लिही."

ती लिहीत बसली. तो कपडे परत भरू लागला. घड्या घातल्या, गुडघ्याने दाबलं, पुन्हा सगळं काढून पुन्हा भरलं. नऊ कपडे बाहेर उरलेच.

"आईला जमायचं," धाकटी म्हणाली. तिने ते नऊ कपडे उचलले आणि त्याच्या खणात, शर्टांच्या बोळ्यांवर ठेवले. "इथे आहे की जागा."

त्याने दोन्ही खण कपाटात सरकवले आणि बादली ओतायला गेला.