सगळं आहे तसंच आहे

"पत्ता अक्षताचा, सही तिची, टपाल तिच्याच दारात. आणि ती बाय सहा महिन्यांची पोटुशी. उद्या तिलाच बरं नसलं, तर बघणार कोण?"

क्लिफर्ड अंकलनी हे विचारलं तेव्हा मी अजून जन्मलेही नव्हते. श्रुतिका हसली. "काय अंकल, बाळंतपण म्हणजे काय आजारपण आहे का?" असं म्हणून तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विषय संपला. तो तिथे संपायला नको होता.

मित्रांनो, मी एक छोटी कंपनी आहे. माझं वय फार नाही, पण माझे थोडेच दिवस उरलेत, म्हणून बोलते. माझं नाव कुंची लिमिटेड. तान्ह्या बाळाचं डोकं आणि कान झाकून मागे पाठीवर सुटणारी जी झालरीची टोपी असते, ती कुंची. कागदावर मी इंग्लंडची. जन्म मात्र कांदिवलीचा, चारकोपच्या सेक्टरमधल्या एका स्वयंपाकघरातला.

श्रुतिका आणि अक्षता या माझ्या दोन मालकिणी. दोघी एकाच इमारतीत वाढल्या, एकाच कॉलेजात गेल्या. अक्षता लग्न करून इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली आणि तिथून एकदा म्हणाली, "इथं आपल्या मुलींची बाळंतपणं होतात ना, तर साधी कुंची मिळत नाही गं. बाळंतविडा घेऊन येणारं माहेर सात समुद्रांपलीकडे." तेवढ्यावरून ठरलं. चारकोपला शिवणकाम करणाऱ्या सुगंधामावशींनी कुंच्या, झबली, दुपटी शिवायची, श्रुतिकानं खोके भरून पाठवायचे आणि अक्षतानं तिकडची बाजू सांभाळायची. खोक्यात बाळंतशेपा, ओवा आणि हळीवही असायचे. हळिवाचे लाडू नाहीत, नुसते हळीव, कारण तूप त्या देशात आणायला बंदी. सोबत लाडवांच्या कृतीची चिठ्ठी.

क्लिफर्ड अंकल श्रुतिकाचे शेजारी. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून त्यांनी आयुष्यभर इंग्लंडच्या कंपन्यांची कामं केली; लंडन मात्र कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माला सुईण तेच. इंग्लंडच्या कायद्यात कंपनी जन्माला घालणं अगदी सोपं आहे. आधी कुणी घेतलं नसेल असं नाव हवं. टपाल पोचेल असा तिथला पत्ता हवा. कारभार बघायला निदान एक जितंजागतं माणूस हवं, त्याला डायरेक्टर म्हणतात. आणि 'आम्हाला ही कंपनी हवी आहे' असं सांगणारे भागधारक हवेत. भागधारक दोघी झाल्या, एकेका पौंडाच्या. पत्ता अक्षताच्या घरचा. डायरेक्टरही एकटी अक्षताच, कारण श्रुतिका म्हणाली, "मी इथं बसून काय करणार? तू आहेस ना तिथं."

श्रुतिकानं लॅपटॉप पिठाच्या डब्यावर टेकवला होता. कडेवरचा लेक मध्येच एक बटण दाबून मोकळा झाला, सगळं पुन्हा भरावं लागलं. दुसऱ्या दिवशी नोंदणीचा दाखला आला तेव्हा श्रुतिकानं व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, झाली! मुलगी झाली!"

"कुणावर गेलीय?" अक्षतानं विचारलं.

"नुसता नंबर आहे गं. नाकडोळे काहीच नाहीत."

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अक्षता हसताना पोटाला खालून हात लावायची. ते हसणं मी जपून ठेवलंय.

मित्रांनो, कायदा मला माणूस मानतो. मी करार करू शकते, वस्तू माझ्या नावावर घेऊ शकते, कोर्टात उभी राहू शकते. मी बुडाले तर मालकिणींचा एकेक पौंड जाईल, त्यांची घरं राहतील, कारण त्या वेगळ्या आणि मी वेगळी. हे मला समजलं तेव्हा मी फुशारून गेले होते. त्यांना दुखलं तर मला दुखणार नाही, हेही त्यातच आलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला डोळे नाहीत, मित्रांनो. इंग्लंडातलं मला जे दिसायचं ते अक्षताच्या डोळ्यांनी दिसायचं.

सुरुवातीला कौतुक फार झालं. पण कौतुक कुंचीचं कमी आणि फोनचं जास्त. खोकं पोचलं की अक्षता त्या मुलीला स्वतः फोन करायची. "मी कुंचीवाली अक्षता. जेवलीस का गं?" एवढंच. रुचिरा नावाची एक मुलगी लेस्टरलाच राहायची. तिनं श्रुतिकाला कळवलं, "खोकं आलं तेव्हा नाही रडले. जेवलीस का म्हटलं तेव्हा रडले. सकाळपासून माझ्या पोटात काही नाही हे मला तेव्हा आठवलं."

मग अक्षताला मुलगी झाली. तिचा नवरा सुयोग रात्रपाळीला, दिवसा झोपलेला. अक्षताची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. श्रुतिका म्हणाली, "तू आराम कर, फोन मी करते," आणि चारकोपहून ती इंग्लंडातल्या एकेका बाळंतिणीला विचारू लागली, जेवलीस का, झोपलीस का, रडू येतंय का. ज्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत त्यांना. अक्षताला ती मेसेज करायची. 'बाळ कसं?' तिकडून अंगठा. 'टपाल बघतेस ना?' अंगठा. 'सगळं ओके?' अंगठा. आमच्या श्रुतिकाला काळजी करायची भारी सवय. लेक दोनदा शिंकला की थर्मामीटर. पण तो अंगठा दिसला की ती निर्धास्त व्हायची.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आम्ही इतक्या जणींना बाळंतविडे पाठवले, अक्षताला पाठवला नाही. नकार असा कुणी दिला नव्हता. ती तर घरचीच, कंपनीच तिची, तिला काय पाठवायचं, असं सगळ्यांच्या मनात. सुगंधामावशींनी विचारलंही होतं, "अक्षूच्या पोरीची कुंची कुठल्या रंगाची शिवू?" श्रुतिका म्हणाली, "आधी ऑर्डरी संपव गं मावशी." त्या ऑर्डरी माझ्या होत्या.

इंग्लंडच्या कायद्याची माझ्याकडून वर्षाला फार मोठी अपेक्षा नसते. हिशेब द्यायचे असतात, ते पहिल्या खेपेला उशिरा चालतात. पण वर्षातून एकदा डायरेक्टरनं नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, की नाव, पत्ता, माणसं सगळं आहे तसंच आहे. काही बदललं नसलं तरी कळवायचं. नाही कळवलं तर ते पत्र पाठवून विचारतात, ही कंपनी चालू आहे का? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारतात. तरीही नाही, तर राजपत्रात जाहीर करतात, की हिचं नाव आम्ही नोंदीतून काढणार आहोत. मग दोन महिने वाट बघतात. माझ्याबाबतीत हे सगळं झालं. त्यांनी विचारलं, पुन्हा विचारलं, जाहीर केलं.

लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तशी क्लिफर्ड अंकलना इंग्लंडच्या कंपन्यांची नोंद बघायची सवय. ती सगळ्यांना उघडी असते. एका सकाळी ते दारातूनच ओरडले, "काय गो श्रुतिका, तुझी पोर मरायला टाकलीय ती!"

श्रुतिकानं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. लेकाच्या तोंडात घास तसाच, आणि तिनं लेस्टरला फोन लावला.

"अक्षता, एवढं एकच काम होतं तुझं! वाट लागली ना आपली. वर्षातून एकदा सांगायचं, सगळं आहे तसंच आहे. दहा मिनिटांचं काम यार!"

मग अक्षता म्हणाली, "तेच तर लिहवत नव्हतं गं."

"का?"

"काहीच आहे तसं नाहीये."

अक्षता हळूहळू सांगत गेली. दाराची बेल वाजली की ती बाळाला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसते. टपाल बाबागाडीखाली ढकलून देते. बाळाला न्हाऊमाखू घालते, दूध देते, सगळं वेळेवर. पण बाळ आपलं वाटत नाही. सुयोगला वाटतं, ती दमलीय. तिलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

श्रुतिकाच्या तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "जेवलीस का?"

"मला हे आज विचारतेस?" अक्षता म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

श्रुतिकानं फोन ठेवला नाही. नवऱ्याच्या मोबाइलवरून तिनं रुचिराला गाठलं. रुचिरा आपलं बाळ काखोटीला मारून, वरणभाताचा डबा घेऊन निघाली आणि अर्ध्या तासात अक्षताच्या दारात उभी राहिली. बेल वाजली.

"उघड, रुचिरा आहे," श्रुतिका फोनवरून म्हणाली. "आपलं गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक? अगं, माझे केस बघ! मी नाही उघडणार."

"ती दुसऱ्या फोनवर सांगतेय, तिच्या खांद्यावर तिच्या पोरानं दूध ओकलंय. तुझे केस कोण बघतंय? उघड गं."

बेल पुन्हा वाजली. मग कडी निघाल्याचा आवाज चारकोपपर्यंत आला.

पुढचं हळूहळू झालं. रुचिरा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली, सुयोगनं पाळी बदलून घेतली. श्रुतिका रोज फोन करायची आणि अंगठा आला तर पुन्हा करायची. विक्री बंद केली. माझं काय करायचं, हे अक्षताला विचारायची श्रुतिकाला लाज वाटत होती, आणि सही तर तिचीच लागणार होती. क्लिफर्ड अंकल म्हणाले, "मेली तर मरू दे. पण एक सांगतो, कंपनी मेली की तिच्या नावावर उरलंसुरलं सगळं इंग्लंडच्या राजाचं होतं. आधी रिकामी करा."

शेवटी अक्षतानंच विषय काढला. "तिला अशी बेवारस नको मारायला. मी काढली, मीच मिटवते." तिनं आधी ते राहिलेलं वर्षाचं निवेदन भरलं, म्हणून नाव काढणं तेवढ्यापुरतं थांबलं. मग, विक्री थांबून तीन महिने उलटल्यावर, मला बंद करण्याचा अर्ज स्वतः सही करून दिला. ज्यांचं देणं होतं त्यांचं चुकतं केलं.

माझ्याकडे एकच वस्तू उरली होती, चारकोपच्या कपाटातलं एक भरलेलं खोकं. ते दोघींच्या वाटणीत अक्षताला दिलं. सुगंधामावशींनी त्यात एक पिवळी कुंची वाढवली. ते लेस्टरला पोचलं तेव्हा बाळ घरभर चालायला लागलं होतं. अक्षतानं व्हिडिओवर तिला कुंची घालून दाखवली. नाडी हनुवटीपर्यंत पोचली नाही. दोन्ही कान बाहेर राहिले.

"लहान होते गं," अक्षता म्हणाली.

बाळ झालर तोंडात घालून हसत होतं, आणि अक्षतानं ती लगेच सोडवली, तोंड पुसलं, आणि लेकीच्या उघड्या कानावर आपला तळवा ठेवला.

आता राजपत्रात माझं नाव पुन्हा आलं आहे, या वेळी अक्षताच्या सहीनं. कुणाची हरकत असेल तर सांगायला दोन महिने आहेत. माझी स्वतःची काही हरकत नाही. उशीर मला झाला, आणि तो मिटवून जाता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत नुकतंच बाळ झालेली कुणी असेल. मावशी, काकू, खालच्या मजल्यावरची ताई. सगळे बाळ बघून येतात. तुम्ही तिच्याकडे बघा. मेसेजवर आलेल्या अंगठ्यावर विसंबू नका. मी विसंबले होते. आजच आईला सांगून तिला फोन लावा. कशी आहेस म्हणून विचारू नका, त्याचं उत्तर तिनं तयार ठेवलेलं असतं. जेवलीस का, विचारा. आणि ती काही बोलली नाही, तर फोन ठेवू नका. तिच्या घरी जा.