कावेरीत सोडायच्या दोन डिस्क

शुभदाचा आवाज गेला तो सोमवारी, दिवेलागणीला. ती जाऊन चार महिने झाले होते. तिच्या नवऱ्याने, रघुनंदनने, देवघरात समई लावली, तिच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार घातला आणि रोजच्यासारखा तिचा एक धडा लावला. राजाजीनगरच्या मुलांना ती मराठी शिकवायची. ते धडे तिने संगणकाच्या दोन डिस्कच्या एका पेटीत साठवले होते, दोन्ही डिस्कवर तेच धडे. पेटी त्याने आदल्याच दिवशी देवघरात आणून ठेवली होती, तसबिरीला अगदी चिकटून. "आता म्हणा माझ्यामागून..." एवढं ती म्हणाली आणि पेटी बंद पडली. सकाळी चालू झाली. संध्याकाळी पुन्हा बंद.

शेजारच्या धनलक्ष्मी अक्का त्याला जयनगरला चक्रस्वामींकडे घेऊन गेल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेले लॅपटॉप छातीशी धरून माणसं बसली होती. स्वामींनी पेटी पडद्यालगतच्या चौरंगावर मांडली. रघुनंदन सोबत आणलेली तसबीर आणि हार तिथे ठेवू लागला.

"हार नको, तसबीर नको. मोह बाहेर ठेवा!" म्हणत स्वामींनी मंत्र म्हटला, "देहात प्राण, डब्यात ध्वनी!"

शुभदा दोन तास बोलली. बायका डोळे पुसू लागल्या.

"अण्णा, जीव अडकलाय तिचा," स्वामी म्हणाले. "म्हणून घरी गप्प होते. रविवारी सगळ्यांसमोर दोन्ही डिस्क काढू आणि कावेरीत सोडू."

रघुनंदन पेटी उचलून घरी घेऊन आला. यशवंतपूरच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं मोटारी तपासल्या होत्या. बायको घरात गप्प आणि परक्याच्या हॉलमध्ये बडबडते? चाळीस वर्षांच्या संसारात असं एकदाही झालं नव्हतं.

वरच्या मजल्यावर नागपूरची मुग्धा राहायची. एका डेटा सेंटरमध्ये बिघडलेल्या डिस्क बदलणं हेच तिचं काम. रघुनंदनने बोलावल्यावर तिने देवघरात नुकत्याच बंद पडलेल्या पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाप्पा! तवा झालाय काका हा! डिस्क काढू नका हं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

वायर बदलली, पेटी बंद पडली. प्लग बदलला, तरी बंद. मग तिने हार आणि तसबीर बाजूला केली. पेटी रात्रीच्या जेवणापर्यंत चालली, बंद पडलीच नाही.

"मागे पंख्याची भोकं आहेत, तिथं तसबीर. बाजूला जाळी, तिच्यावर ओला हार. वरून समई. कोंडून तापते, मग डिस्क वाचवायला स्वतःच बंद होते."

रघुनंदन हाराकडे बघत राहिला. "म्हणजे मीच गं तिचं तोंड दाबत होतो."

"तुम्हाला काय माहीत, काका? पण त्या स्वामीला माहीत असणार. हार काहून काढायला लावला त्याने?"

रविवारी हॉल गच्च भरला होता. रघुनंदनसोबत मुग्धाही आली होती. स्वामींनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

"स्वल्प, जरा थांबा," रघुनंदन म्हणाला. "आज तसबीर मागे असू दे. हारही असू दे."

"मोह! मोह!"

"मंत्र हाराला घाबरतो काय?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. तेवढ्यात मुग्धाने पडदा ओढला. मागे टेबलफॅन गरगरत होता, तोंड थेट चौरंगाकडे.

"वायुदेव..." स्वामी पुटपुटले.

"सरी, ठीक आहे, त्यांना थोडा आराम देऊ," म्हणत रघुनंदनने फॅनचं बटण बंद केलं, तसबीर पेटीमागे टेकवली, हार पेटीवर ठेवला आणि धडा लावला. मुग्धाने मोबाइलवर पेटीचं तापमान सगळ्यांना दाखवलं. आकडा चढत गेला. पाऊण तासात पेटी बंद. हार-तसबीर काढून फॅन लावला, पेटी गार झाली, शुभदा पुन्हा बोलू लागली. मंत्र कुणीच म्हटला नव्हता.

"पूर्वी स्वामींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, अण्णा," धनलक्ष्मी अक्का खाली मान घालून म्हणाल्या. "मला वाटलं, सिद्धी मिळाल्यावर सोडलं."

बंद पडलेली वस्तू कुणी चालू करून दाखवली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: घरी नव्हतं असं इथे काय आहे? उत्तर न देता जो तुमचीच चीज बुडवायला मागतो, त्याच्या हाती ती देऊ नका.

दोन डिस्कपैकी एक त्या उष्णतेने खराब झाली आहे. ती अजून बदललेली नाही. शुभदाचे एकशे बारा धडे सध्या एकाच डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत काढायची राहिली आहे.