दातांतले तृण

चैत्र सरत आला होता. माळ पिवळा, डोंगर तांबूस, आकाश पांढरेफटक. सोनवती नदी दोन तीरांच्या मधून इतकी क्षीण वाहत होती, की तिला रजतमेखला म्हणावे तर मेखलेला लाज वाटावी. विरलेली नाडी म्हणणेच खरे.

अलीकडच्या तीरावर एक सैन्य, पलीकडच्या तीरावर दुसरे. दोघांचे कुलदैवत एक, दोघांची शिवी एक, दोघांच्या भाकरीवरचा ठेचा एक. दोन चुलतभावांना एकच गादी हवी होती, म्हणून एका खोऱ्यात दोन छावण्या पडल्या होत्या.

मागच्या यादवीत दमलेल्या आजोबांनी ताम्रपटावर पाच नियम कोरून ठेवले होते. पाण्यात विष कालवू नये. पीक आणि चारा जाळू नये. वैद्याला अडवू नये. बायकामुलांवर शस्त्र धरू नये. आणि दाती तृण धरून जो शरण येईल, त्याला मारू नये.

त्या ताम्रपटाचे राखणदार विसोबाशास्त्री. दोन्ही तीरांनी नेमलेले, दोन्ही तीरांना नकोसे. हाताशी सैन्य नाही, शिपाई नाही. एक छत्री, एक उपरणे, आणि प्रत्येक वाक्याआधी येणारा खोकला.

त्या सकाळी ते खोकत खोकत अलीकडच्या छावणीत आले, तेव्हा चिंचेच्या बुंध्याला म्हाळू गवत्या बांधलेला होता. हा पलीकडच्या सैन्यातला, घोड्यांसाठी गवत कापणारा माणूस. चिंचेची सावली बुंध्याशी गोळा झाली, की त्याचे मस्तक उतरवायचे, असा सरदार खेत्रोजीरावांचा हुकूम होता. आणि सावली मोठी आज्ञाधारक होती. हळूहळू, मांजरीसारखी अंग चोरत, ती बुंध्याकडे सरकत होती.

"शास्त्रीबुवा, आधी ह्याचं तोंड बघा," खेत्रोजीराव म्हणाले. "आ कर रे! दिसतंय कुठं तृण?"

म्हाळूने आ केला. आत बत्तीस दात होते, त्यांतला एक किडका. तृण नव्हते.

"होतं, सरकार," म्हाळू म्हणाला. "मूठभर होतं. पहाटे नदी उतरून आलो, तर तुमची घोडी पाणी पीत होती आन् मोतद्दार डुलक्या घेत होता. मी त्याला हाक मारणार, एवढ्यात घोडीनं माझ्या तोंडातलं खाल्लं."

"माझ्या केतकीनं?"

केतकी खेत्रोजीरावांची घोडी. केतकीच्या पात्यासारखी पिवळसर गोरी, मानिनी, मृदुपदी, मंदगामिनी. गेला पंधरवडा ती उपाशीही होती, कारण पलीकडच्यांनी अलीकडच्या साऱ्या गंजी जाळल्या होत्या. तिच्या फासळ्या उन्हात वीणेच्या तारांसारख्या मोजता येत होत्या.

"पाच वर्षं ती माझ्या हातावाचून चणा खात नाही," खेत्रोजीराव गरजले. "आणि गंजी ह्यानंच पेटवल्या! पेटवल्यास ना रे?"

"पेटवल्या, सरकार. हुकूम होता." म्हाळूची मान खाली गेली. "जन्मभर गवत कापलं. पेटवताना रडू आलं. म्हणून तर इकडं आलो."

"ऐकलंत? चारा जाळला तेव्हा तुमचा ताम्रपट झोपला होता का, शास्त्रीबुवा?"

शास्त्री खोकले. "जागा होता. मी पलीकडे गेलो होतो, असाच उन्हात उभा राहिलो होतो. त्यांनी विचारलं, अलीकडच्यांनी आमचा वैद्य अडवला, तेव्हा ताम्रपट झोपला होता का?" ते पुन्हा खोकले. "मला तेव्हाही काही सुचलं नव्हतं. पण एकानं मोडला म्हणून दुसऱ्याला मोकळीक, असं त्यात लिहिलेलं नाही. माझी नजर अधू आहे. तरी काल पुन्हा वाचून पाहिलं. नाही लिहिलेलं."

सावली आता हातभर उरली होती.

शास्त्रींनी इकडेतिकडे पाहिले. पखाल रोज जिथे टेकवत, तिथे गळणाऱ्या पाण्यावर चार हिरवी पाती उगवली होती. साऱ्या पिवळ्या माळावर तेवढेच हिरवे. ते वाकले, गुडघे वाजले, पाती खुडली.

"मी चुकत असेन," ते म्हणाले, "पण एकदा करून पाहावं का? घोडी सोडा. हा तृण धरील. तिनं खाल्लं नाही, तर... तर मी छत्री मिटून घरी जाईन."

"सोडा!" खेत्रोजीराव हसले. "शत्रूच्या हातचं खायला माझी केतकी भिकारी नाही."

तीनशे शिपाई गोल उभे राहिले. पाती म्हाळूच्या दातांत गेली.

केतकी आली. डौलदार आली, दोन पावले टाकून थांबत आली. आधी तिने धन्याचा हात हुंगला, तो रिकामा होता. मग शास्त्रींपाशी गेली आणि त्यांच्या उपरण्याचे टोक चघळू लागली.

"शास्त्रीबुवाच शरण आले रं!" मागून कोणी ओरडले.

शास्त्रींनी डोळे मिटले. आयुष्यभराचे सारे चुकलेले निर्णय त्या मिटल्या डोळ्यांपुढून गेले, आणि ती रांग लांब होती.

तेवढ्यात उपरणे सुटले. केतकी वळली. मान लांबवून, ओठ पुढे काढून, नववधूने निरांजन उचलावे तितक्या अलगद, तिने म्हाळूच्या दातांतले तृण काढून घेतले. चावले. गिळले. आणि आणखी आहे का, म्हणून त्याचा किडका दातही हुंगला.

"ताम्रपट म्हणतो," शास्त्री हळूच म्हणाले, "सैन्यातल्या कोणीही तृण स्वीकारलं, की ते साऱ्या सैन्यानं स्वीकारलं. आता घोडी सैन्यात मोडते का, याबद्दल मला जरा शंका..."

"मोडते की!" एक म्हातारा शिपाई ओरडला. "तिची हजेरी माझ्या आधी लागते!"

"आन् पोशाख माझ्यापेक्षा बरा!" दुसरा म्हणाला.

मग हसू फुटले. पुढच्या रांगेत फुटले, मागच्या रांगेत पसरले, नदी ओलांडून पलीकडे गेले. तिथले शिपाई कारण न कळताच हसू लागले. खेत्रोजीरावांची तलवार अर्धी म्यानाबाहेर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, केतकीकडे पाहिले. हसणाऱ्या तीनशे माणसांतून मस्तक उतरवायला एकही हात पुढे येणार नव्हता.

"हिनं घेतलंय, तर हिनंच सांभाळावं," ते गुरगुरले आणि तलवार आत गेली. "सोडा त्याला. ज्यानं चारा जाळला, त्यानंच आता आणून घालावा."

सावली बुंध्याशी येऊन बसली, आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

त्या वर्षी पाचांतले चार नियम दोन्ही तीरांनी मोडले. विसोबाशास्त्री उन्हातून येत राहिले, जात राहिले, खोकत राहिले. पाचवा नियम आपण राखला की घोडीने, हे त्यांना कधीच ठरवता आले नाही.

पण संध्याकाळी, जेव्हा सोनवतीचे पाणी केशरी होई, तेव्हा काठच्या लव्हाळ्यांत एक विळा लकाकत असे. पुढे म्हाळू, मागे केतकी. तो कापी, ती खाई; तो सरके, ती सरके. आणि कापता कापता, कोण जाणे, सवयीने की भीतीने, एक हिरवे पाते तो दातांत धरून ठेवी.

केतकी ते शेवटी खाई.