अहवाल सोमवारी

"तुम्ही वर जाऊन आलात, ठीक आहे. पण आम्ही नाही बसणार," सेक्रेटरी म्हणाले.

मेकॅनिक लिफ्टच्या उघड्या दारात उभा होता. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मेकॅनिकने एकट्याने मारायची, ही या कामातली रीत. तो सुखरूप उतरला, की मग लोक बसत. आज त्याने एक सोडून तीन फेऱ्या मारल्या, तरी तळमजल्यावरचे सहा-सात जण जागचे हलले नव्हते.

"साहेब, ब्रेक नवा टाकलाय. हवं तर दोर बघा."

"दवाखान्यातला दोरही तुम्हीच बघितला होतात ना?"

झालं. दहा दिवसांपूर्वी दवाखान्याची लिफ्ट कोसळली आणि एक आया कंबरेतून अधू झाली. दोर बदला, असं त्याने दोनदा लिहून दिलं होतं; ते कागद आता म्हणे सापडत नव्हते. चौकशीचा अहवाल सोमवारी यायचा होता. पण तोवर थांबायला सवड कोणाला? बावीस वर्षं याच इमारतीत राहणाऱ्या माणसाचा निकाल लोकांनी जिन्यात उभ्या उभ्या लावून टाकला. वाईट याचं, की आता त्यालाही अधूनमधून वाटे, आपण ते लिहून दिलंच नसेल तर?

तेवढ्यात फाटकातून त्याची आई आली. गुडघे धरलेले, हातात औषधांची पिशवी.

"आजी, जिन्याने जा हो," कोणीतरी म्हणालं.

"का म्हणून?" म्हातारी कडाडली. "माझ्या लेकानं काहीएक केलेलं नाही. उगाच एखाद्याच्या जिवावर उठू नका!"

त्याने बाजूला होऊन तिला आत जागा करून दिली.

"जरा पाय मोकळे करते रे," ती हळूच म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

राहायला पाचव्या मजल्यावर! तो रिकामी लिफ्ट घेऊन पहिल्या मजल्यावर थांबला. ती समोरून गेली. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर मात्र ती धापा टाकत पायरीवर बसली.

"आई, सोमवारी कळेल सगळं."

"कळेलच की. मला ठाऊक आहे तू कसा आहेस ते."

"मग चल ना."

त्याने आतून हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं. मग तिची नजर त्याच्या डोक्यावरून लिफ्टच्या छताकडे गेली, आणि कठडा धरून ती पुढची पायरी चढली.