होडी

हे मी लिहिणारच नव्हतो. पण चन्नवीरच्या आईला, गुरम्मा अव्वाला, मराठी वाचता येत नाही हे लक्षात आलं, आणि मग लिहायला बसलो.

"येतंय का ऐकू?"

मांडवाच्या त्या टोकाला चन्नवीर स्टुलावर उभा राहून ओरडत होता. मी या टोकाला, बायकांसाठी चिकाचा पडदा लावला होता तिथं.

"येतंय की," मी ओरडलो. "पण बाई बोलतीय असं वाटतंय."

"मग काय करू? अण्णानं बाबांचा आवाज घेतला. मला अव्वाचा उरला."

खोटं नव्हतं. त्यांच्या गल्लीतला दूधवाला बाहेरून हाक मारायचा, आणि आतून चन्नवीर बोलला की म्हणायचा, "अव्वा, भांडं आणा." चन्नवीर मुकाट्यानं भांडं घेऊन बाहेर यायचा. कन्नड शाळेत मास्तर होता, पोरं मागं त्याला 'मास्तरीण' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं.

"अजून एकदा," तो म्हणाला, आणि पोटावर हात ठेवून कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक ओरडला. दारातले दोन पोलीस वळून बघायला लागले. तो लगेच खाली उतरला.

त्या वर्षी, म्हणजे तीस साली, सोलापुरात लोक असेच होते. लष्करी कायदा उन्हाळ्यात आला आणि पावसाळ्याच्या तोंडाला उठला, पण उठला म्हणजे कागदावर. पांढरी टोपी घालून कुणी रस्त्यावर येत नव्हतं. येरवड्यात फाशीची शिक्षा झालेली चार माणसं होती, त्यांची नावं कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. दोघं बोलत उभे असले आणि तिसरा आला, की बोलणं पावसाकडं वळायचं.

चन्नवीरचा थोरला भाऊ संगप्पा टोपीपायीच आत गेला. चौकात गोऱ्या शिपायानं काठीनं त्याची टोपी उडवली, ती त्यानं उचलून पुन्हा घातली. एवढंच. दोन वर्षं. टोपी गटारात राहिली, ती गुरम्मा अव्वानं जाऊन काढली, धुतली आणि ज्वारीच्या कणगीखाली ठेवली. तेव्हापासून ती फारसं बोलत नव्हती. भाकरी थापताना पूर्वी गायची, तेही बंद.

संगप्पाच्या सुटकेचा अर्ज केलेला होता. दिवाळीच्या आत निकाल लागेल असं वकील म्हणत होते. पण घरच्यांची वागणूक कशी आहे यावर पोलिसांचा शेरा लागणार होता, आणि तो चांगला यायला हवा होता. म्हणून तर चन्नवीर या व्याख्यानाला दुभाषी म्हणून उभा राहिला. वाचनालयाची शारदीय व्याख्यानमाला बंद पडायला आली होती, मिलवाले लोक यायचे थांबले होते, त्यातले कितीतरी कन्नडच बोलणारे. चिटणीसांनी विषय असा काढला की साहेबानं एका दिवसात मंजूर केला. प्राचीन भारतातील नौकानयन. वक्ते पुण्याचे प्रोफेसर आगटे.

परवानगीत दोन अटी होत्या. विषय सोडून बोलायचं नाही. आणि मंजूर वक्ता न् मंजूर दुभाषी यांच्याखेरीज सभेत कुणी बोलायचं नाही.

"सरकारला मान्य असलेली सभा नीट पार पाडली, तर शेरा वाईट कसा येईल?" चन्नवीर मला म्हणाला होता. "दोन हजार वर्षांपूर्वीची जहाजं. त्यात काय बुडायचंय?"

दिवस मावळला तसे लोक आले. अपेक्षेपेक्षा जास्त. मिलचा भोंगा होऊन गेलेला, अंगावर कापसाचे तंतू तसेच. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणी बोडकं. पुढच्या खुर्चीवर पोलिसांचा रिपोर्टर हणमंतगौडा बसला. विजापूरकडचा माणूस, जाड, शांत, टाक पुसायला फडकं सोबत आणणारा. त्याच्यामुळं पुढच्या दोन रांगा मोकळ्या राहिल्या.

मी गॅसबत्त्यांना हवा मारत चिकापाशी होतो. चिकाआड पाच-सहा बायका होत्या. सगळ्यात मागं, खांबाला टेकून, गुरम्मा अव्वा बसली होती. ती येणार नव्हती. सकाळीच चन्नवीरला म्हणाली होती, मला काय कळतंय त्यातलं. मी बघितलं तसा तिनं पदर पुढं ओढला.

प्रोफेसर चांगलं बोलत होते. नौका, नौकाबांधणी, नौकापती. ते थोडं बोलायचे, थांबायचे, मग चन्नवीर कन्नडमध्ये सांगायचा. त्याच्या आवाजाला कुणी हसलं नाही. लोक ऐकत होते. हणमंतगौडाचा टाक सावकाश चालला होता. चिटणीसांनी खिशातून डबी काढून तपकीर ओढली, मे महिन्यापासून पहिल्यांदाच ते सैल बसलेले मी बघितले.

मग प्रोफेसरांना समोरच्या लोकांची दया आली.

"बंधूंनो," ते म्हणाले, "नौका नौका म्हणून मी आपलंच घोडं पुढं दामटतोय. नौका म्हणजे काही आभाळातली वस्तू नव्हे. नौका म्हणजे आपली साधी होडी. होडी!"

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

मला तेव्हा कन्नड नीट येत नव्हतं. सांगोल्याकडचा मेंढरामागचा पोरगा मी. पण सोलापुरात चार वर्षं काढली की मारामारीचे शब्द कुणालाही येतात. कन्नडमध्ये होडी म्हणजे मार. हाण.

"दोणी," चन्नवीर घाईनं म्हणाला. "दोणी, दोणी." होडीला त्यांच्यात दोणी म्हणतात. पण हसू पसरलं होतं.

प्रोफेसरांना वाटलं, रंग भरला. त्यांचा चेहरा उजळला. ते टेबलाच्या पुढं आले, हात उंच केला.

"कल्पना करा. समुद्राच्या काठी तो खलाशी उभा आहे. समोर अफाट पाणी. आणि तो हाक देतो, होडी!"

"यारिगे?" मागून एकजण म्हणाला. कुणाला?

सगळा मांडव हसला. कितीतरी महिन्यांनी एवढी माणसं एकत्र हसत होती, आणि हसताना एकमेकांकडं बघत होती, आपण हसलो तर चालतंय ना म्हणून. हणमंतगौडासुद्धा मान खाली घालून मिशीत हसला. ते त्याच्या खांद्यांवरून कळलं.

"वाहवा," प्रोफेसर म्हणाले. "पुन्हा हाक देतो. होडी!"

"यारिगे?" आता वीस-पंचवीस जण.

चन्नवीरनं दोन्ही हात वर केले. "दोणी," तो म्हणत होता, "सर, नौकाच म्हणा, सर." पण त्याचा आवाज त्यात बुडाला.

"होडी!"

"यारिगे?"

आणि हसू थोडं ओसरलं त्या फटीत, माझ्या कानापाशी, चिकाच्या आतून एक बारीक, स्पष्ट आवाज आला.

"टोपी तगदवरिगे."

टोपी काढणाऱ्यांना.

गॅसबत्तीचा सूंऽऽ तेवढा ऐकू यायला लागला. प्रोफेसर हात वर करून उभेच होते. कुणी मागं वळलं नाही. चन्नवीरचं तोंड अर्धं उघडं राहिलं होतं आणि तो चिकाकडं बघत होता. बघितलं आणि लगेच नजर काढून टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर ठेवली.

हणमंतगौडाचा टाक थांबला होता. त्यानं तो फडक्यानं पुसला, दौतीत बुडवला आणि लिहिलं.

पुढचं व्याख्यान प्रोफेसरांनी नौका म्हणतच संपवलं. आभार मानायला कुणी उठलं नाही. लोक चपला हातात घेऊनच बाहेर पडले. मी चिक गुंडाळायला गेलो, तर खांबापाशी कुणी नव्हतं.

वाचनालयाच्या आतल्या खोलीत हणमंतगौडानं चन्नवीरला बसवलं. मला चहा सांगितला. मी दोन कप ठेवले, निघालो, तर म्हणाला, "तू बी थांब की."

चहा बशीत ओतून तो फुंकत राहिला.

"मास्तर, होडी म्हंजे काय ते मला कळतंय. माझी बायको कोल्हापूरची हाय. लग्न झालं तवा ती म्हणली, रंकाळ्यात होडीत बसू. मी म्हणलं, हिला कोण मारतंय."

चन्नवीर हसला नाही.

"पण माझं लिहिलेलं पुढं इंग्रजीत होतंय. तितं बसलेला भाषांतरवाला बेळगावचा. तो होडी वाचला तर काय वाचंल? म्हणून मी नौकाच लिहिलो. बोट. ते राहू दे. लोक हसले, लिहिलो. हसायला बंदी न्हाय." त्यानं बशी खाली ठेवली. "ते शेवटचं काय करायचं?"

"कुठलं?"

"मास्तर."

चन्नवीरनं कप बाजूला सारला.

"दारातल्या दोघांनी ऐकलंय. एक तर चडचणचाच हाय, कन्नड त्याचं घरचं. मी सोडलो तर तो सांगंल. म्हंजे बोलणारा माणूस पाहिजे. आवाज पुढून आला न्हाय, मागून आला. मागं मिलवाले होते." त्यानं टाकाचं टोक दिव्यापाशी धरून बघितलं. "तुला सगळे ठाऊक हायत. त्यातलं एक नाव सांग. कुटलं बी. तुझ्या भावाच्या अर्जावर शेरा मलाच लिहायचा हाय, आन् मला चांगला लिहायची इच्छा हाय."

खिडकीतून मांडव दिसत होता. गडी सतरंजी झटकत होते. खांबाकडची बत्ती मीच मघाशी विझवली होती, तिथं अंधार होता. चन्नवीर तिकडं बघत राहिला. मग त्यानं हणमंतगौडाच्या समोरचा परवानगीचा कागद आपल्याकडं वळवला, दुसऱ्या अटीवर बोट ठेवलं.

"यात दुभाष्याचं नाव आहे."

"हाय की."

"म्हणजे सभेत कन्नड बोलायची परवानगी एकट्या मला होती."

"व्हय."

"मग कन्नड जे बोललं गेलं ते मी बोललो."

हणमंतगौडा त्याच्याकडं बघत राहिला.

"मागून आला आवाज."

"मांडव घुमतो."

"बारीक होता. बायकी."

"माझा तसाच आहे," चन्नवीर म्हणाला. "याला विचारा. संध्याकाळी यानंच ऐकून बघितलाय."

हणमंतगौडानं मान माझ्याकडं वळवली. चन्नवीरनं वळवली नाही. त्याचा हात कागदावर होता, आणि बोटांखाली कागद ओला होत चालला होता.

"काय रे? खरं हाय?"

"व्हय," मी म्हणालो. "लांबनं ऐकलं की बाई बोलतीय असंच वाटतंय."

"अजून एकदा विचार कर, मास्तर. भाऊ येणार न्हाय मग."

"ठाऊक आहे."

हणमंतगौडानं उसासा टाकला आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाला, "मला बी आई हाय, मास्तर. पण मला नाव पाहिजे." आणि चन्नवीरचं नाव बापाच्या नावासकट लिहून घेतलं.

सकाळी त्याला शाळेतूनच नेलं.

चार दिवसांनी, मी दिवसा ज्या कापडाच्या दुकानात कामाला होतो, तिथं गुरम्मा अव्वा आली. पायरीवर बसली. फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती.

"तुला भेटू देत्यात म्हणं."

"व्हय, अव्वा. उद्या."

"हे दे." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत, म्हणाली, "आन् विचार त्याला. मागून कोण बोलली, ते त्याला ऐकू आलतं काय."

मी कापडाच्या घड्या घालत राहिलो. तिनं उत्तराची वाट बघितली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "संगप्पाची गादी उन्हात टाकली हाय. दिवाळीला येतोय ना."

अर्ज फेटाळल्याचं वकिलांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

तुरुंगात आमच्या मधे दोन जाळ्या होत्या आणि त्यांच्यामधून एक शिपाई फेऱ्या घालत होता. दोन्हीकडची माणसं ओरडत होती, म्हणून आम्हालाही ओरडावं लागलं. चन्नवीरचं डोकं भादरलं होतं. मला आवाजानंच ओळखावं तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"अव्वा काय म्हणते?"

मी सांगितलं. गादीचंही सांगितलं.

त्यानं जाळीत बोटं अडकवली.

"तिला सांग, गॅसबत्त्या फार सूं सूं करत होत्या. पुढं काहीच ऐकू आलं नाही."

"मग धरलं कशाला म्हणंल."

"होडी म्हटलं म्हणून. मास्तरची जीभ घसरली म्हण. आणि अर्ज अजून वर आहे म्हण. वरच ठेव तो."

"ती माझ्या तोंडाकडं बघती रं बोलताना."

"म्हणून तर. आधी इथं म्हणून दाखव."

"आता?"

"मोठ्यानं. ती म्हणजे मी आहे असं समज."

मी घसा साफ केला. शिपाई मधे थांबला होता, त्याच्या डोक्यावरून मी ओरडलो, "पुढं काहीच ऐकू आलं न्हाय, अव्वा."

चन्नवीर ऐकत राहिला, डोळे मिटून.

"ठीक आहे," तो म्हणाला. "असंच सांगशील?"

"असंच सांगीन. आईशप्पत."

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

"कुणाच्या आईची?"

"तुझ्या," मी म्हणालो.