नात्याचा रकाना

छबुबाईंचा डावा डोळा गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, हे तेवढं छबुबाईंना ठाऊक नव्हतं. नेकनूरच्या त्या घरात चुकायचं, विसरायचं, अडखळायचं ते दुसऱ्यानं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा कायदा. सून विजयमाला चहाचा कप ठेवताना कान बरोबर उजवीकडे करून ठेवायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही.

काचबिंदू मोठा लबाड आजार. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो, मागची नस दबून मरत जाते आणि कडेकडेनं अंधार आत सरकतो. डावा असाच गेला. उजव्याचा मधला तुकडा उरला होता. तेवढा राखायला दिवसातून दोनदा थेंब. त्यातला निम्मा गालावरून ओघळायचा. छबुबाई पदरानं गाल पुसून म्हणायच्या, "पडला बरोबर."

त्यांच्या थोरल्या लेकीची लेक सायली शहरात औषधांवर संशोधन करत होती. दिवाळीला आली तेव्हा छबुबाई कानोले, म्हणजे करंज्या, भरत होत्या. शेजारी बसून सायली म्हणाली, "आजी, थेंब टाकून दोनदा पापणी मिटली की औषध चाललं वाहून. म्हणून आमी ते चरबीच्या पिशव्यांत भरतो. एका केसाच्या जाडीवर शेकड्यांनी बसतील एवढ्या बारीक. त्या डोळ्याला धरून राहतात अन् औषध सावकाश सोडतात."

छबुबाईंनी हातातला कानोला तिच्या नाकापुढे धरला. "म्हंजे हे. चरबीची पारी अन् आत सारण."

"अगदी हेच! नॅनोलिपोसोम म्हणतात."

"नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात पान हुतं का गं? अन् कानोला फुटला तर? सारं सारण तेलात."

"तेच तर चार वर्षं निस्तरतीये. गरमीनं फुटायचे, आता टिकतात. आता माणसांवर तपासायला घेतलंय. तिथं पास झालं म्हंजे झालं."

छबुबाई तिसरीतून घरी बसलेल्या. पण पास आणि नापास त्यांना पक्कं कळत होतं.

जानेवारीत त्यांनी लेकाला, तानाजीला, गाडी काढायला लावली. ज्या दवाखान्यात तपासणी चालली होती त्याचं नाव त्यांनी सायलीच्या बोलण्यातून कधीच काढून घेतलं होतं. तिला मात्र कळू दिलं नाही. तिथली ऋतुजा नावाची पोरगी फॉर्म भरत होती. एकेक रकाना वाचून दाखवत तिनं विचारलं, "आजी, या संशोधनातल्या कुणाशी तुमचं नातं आहे का?"

"न्हाई."

तानाजीला ठसका लागला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माय, सायली कोन मग?"

"लेक दिली ती त्या घरची. तिची लेक बी त्याच घरची. कागदाला आडनाव लागतं, माया लागत न्हाई. तू गाडी हाक."

कुणाला नवं औषध मिळालं आणि कुणाला जुनं, हे तिथं कुणालाच सांगत नव्हते. छबुबाईंनी विचारलंही नाही. फ्रिजच्या दारातलं लोणचं हुसकावून त्यांनी तिथं ती बाटली बसवली आणि नातवंडांना दम भरला.

मग एप्रिलमध्ये नजर मोजायच्या यंत्रावर बसायची पाळी आली. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या खोलगट भांड्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठंही बारीक बत्ती चमकली की हातातलं बटण दाबायचं. जानेवारीत त्या गांगरल्या होत्या आणि कागदावर कडेनं काळंच काळं उमटलं होतं. या खेपेला मात्र त्यांना यंत्राची चाल कळली. जरा थांबायचं, टिक वाजायची, बत्ती. पुन्हा थांबायचं, टिक, बत्ती. बत्ती दिसो न दिसो, छबुबाई टिकेसरशी दाबत सुटल्या.

ऋतुजानं कागद बघितला, पुन्हा बघितला. "आजी, पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल."

लोक चकित झाले की परत बोलावतात, असं छबुबाई धरून चालल्या. घरी येऊन त्यांनी सायलीला फोन लावला. "ऐक. तुझं औषध पास हाय. मी सगळ्या बत्त्या दाबल्या."

पलीकडून आवाज आला, "आजी, तू तिथं गेलतीस?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सायली दारात हजर. विजयमालानं दिलेला चहा तिनंच आजीपुढं ठेवला.

"आजी, काचबिंदूत गेलेली नजर परत येत न्हाई. कुठल्याच औषधानं. माझ्या बी न्हाई. उरलेली राखायची, एवढंच त्याचं काम. तू जे पास करून दाखवलंस ते आमी कुणाला कबूलच केलेलं न्हाई. अन् ते यंत्र मधूनमधून नुसतं टिक करतं, बत्ती लावत न्हाई. तवाबी तू दाबलंस."

"यंत्र लई चावट दिसतंय."

"हसू नको. डॉक्टरांना वाटलं उजवा ठीक हाय, अन् आत दाब वाढत गेला, तर काय करशील?"

"चार वर्सं राबलीस तू. कागद काळा आला तर नाव कुणाचं जाईल?"

"खोटा पांढरा आला तर दुसऱ्या कुणाचा डोळा जाईल." सायलीचा आवाज खाली आला. "अन् नात्याच्या रकान्यात काय सांगितलंस?"

छबुबाई घुटमळल्या. "न्हाई म्हनले."

"कावून?"

"तू त्या घरची…"

"बारावीपर्यंत मी या घरात राहिले. माझ्या वेण्या तू घातल्यास. तवा कुणाची हुते गं मी?"

छबुबाईंनी चहाकडे मोर्चा वळवला. त्यांनी हात पुढं केला, तो कान शोधत कपाच्या उजवीकडे रिकाम्या जागी गेला, मग धक्का लागून कप कलंडला आणि चहा लुगड्यावर आला. विजयमालानं मुकाट्यानं दुसरा कप आणून ठेवला. कान उजवीकडे.

छबुबाई त्या कानाकडे बघत राहिल्या.

"विजयमाला, हे असं कप ठेवणं कधीपासून चाललंय?"

"तीन वर्सं झाली, आत्याबाई."

"अन् बोलली न्हाईस."

"तुमी बोलू दिलं असतं का?"

छबुबाईंनी मनाशी हिशेब केला. तीन वर्षं आपण लपवत होतो आणि घर सांभाळून घेत होतं. कुणी हसलं नाही, कुणी हिणवलं नाही. मग लपवलं कुणापासून, आणि कशाला? चहा गार झाला तरी त्या बसूनच होत्या. शेवटी त्यांनी तानाजीला हाक मारली. "गाडी काढ."

दवाखान्यात त्या ऋतुजापुढं ताठ बसल्या. "पोरी, तो नात्याचा रकाना काढ. 'हाय' म्हनून लिही. लेकीची लेक. अन् मागल्या खेपेला मी दिसलं न्हाई तरी दाबलं, ते बी लिही. बारीक अक्षरात लिहू नको."

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. छबुबाईंचं नाव संशोधनातून काढावं लागेल, त्यांचे कागद मोजणीत धरता येणार नाहीत, पण त्यांचा इलाज नेहमीच्या थेंबांनी चालू राहील, असं त्यांनी सांगितलं.

"नाव जाऊ द्या. पण यंत्रावर एकदा बसू द्या, डॉक्टरसाहेब. खरं काय हाय ते मला बी बघू द्या."

पुन्हा तो अंधार, पुन्हा तो पिवळा ठिपका. टिक. अंगठा सवयीनं उचलला गेला, त्यांनी तो धरून ठेवला. टिक. काही नाही. टिक. काही नाही. बटणावर हात असून न दाबणं इतकं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मधेच एक बत्ती लुकलुकली, तेव्हा त्यांनी असं दाबलं की ऋतुजा दचकली.

डॉक्टरांनी जानेवारीचा कागद आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवला. चहूबाजूंनी कुरतडलेल्या भाकरीसारखा मधला पांढरा तुकडा दोन्हीकडे तेवढाच होता. "अंधार पुढं सरकलेला नाही," ते म्हणाले.

सोबत आलेली सायली बाहेर बाकावर बसली होती. छबुबाईंनी तिला विचारलं, "मग माझ्या बाटलीत कानोलाच हुता ना?"

"मला माहीत न्हाई, आजी. अन् आता तुझा कागद कुणी मोजणार बी न्हाई."

पायऱ्यांपाशी आल्यावर छबुबाई थांबल्या.

"सायली, डाव्या अंगानं चल. तिकडचं मला दिसत न्हाई."

गाडीची किल्ली हातात घेऊन पुढं चाललेला तानाजी जागीच उभा राहिला. सायली डावीकडे आली आणि तिनं आजीचं कोपर धरलं.

"घट्ट धर," छबुबाई म्हणाल्या, "परक्या घरची असल्यासारखी काय धरतीस?"