न कापलेलं गवत

माझ्या लेकीचं, मुनिराचं लग्न झालं, त्याच उन्हाळ्यात सर्ब सैनिकांनी माझ्या मुलाला, रिफेतला घरातून नेलं. लढाई संपल्यावर मी एकटीच बोस्नियातल्या आमच्या गावी परतले.

शेजारचा ओस्तोया, तोही सर्बच, म्हणायचा, "वहिनी, इथं कुणाला मारलंबिरलं नाही. तुझा रिफेत जर्मनीत असेल, बायकोच्या नादानं आईला विसरला."

दरवर्षी तो अख्खं कुरण कापायचा, फक्त वरचा कोपरा सोडायचा.

"तेवढंच का ठेवतोस रे?"

"तिथं पाणी साचतं."

"उतारावर पाणी साचतं होय?"

तो विळ्याला धार लावत राहिला.

मी बेपत्ता माणसांच्या शोधपथकाला तो कोपरा दाखवला. रिफेत तिथंच होता.

ओस्तोया आता बोलत नाही, आणि गावात बोलायला दुसरं कुणी नाही.

माझा मुलगा रिफेत १९९२च्या जुलैत मारला गेला.